जादा रकाना

मगदूमअण्णांच्या तोंडून मी 'छान' हा शब्द कधी ऐकला नाही. एखादा ॲम्प्लिफायर त्यांच्यापुढे ठेवून "कसा आहे?" असं विचारलं, की ते आधी हात पुसायचे आणि म्हणायचे, "कशासाटी पायजे, त्ये सांगा आदी."

नव्वदच्या दशकाच्या मध्याला मी कोल्हापुरातल्या एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला लागले. तिथल्या ध्वनी प्रयोगशाळेत ते तंत्रज्ञ होते. पूर्ण नाव भूपाल मगदूम. हातकणंगल्याच्या पुढच्या एका खेड्यातलं जैन शेतकऱ्याचं घर. रोज सकाळी एसटीनं यायचे. उंच, सडपातळ, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात टेस्टर आणि शिसपेन्सिल. पेन नाही. "पेनानं लिवल्यालं खोडायला माणसाला लाज वाटतीया," म्हणायचे. विद्यार्थ्यांपासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना अण्णाच म्हणत.

संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत. थंडीच्या दिवसांत त्यासाठी ते साडेपाचला हातातलं काम ठेवून खिडकीशी डबा उघडायचे. एकदा प्राचार्य कुणा पाहुण्यांना घेऊन प्रयोगशाळा दाखवायला आले. अण्णा उठले नाहीत. घास गिळून त्यांनी हातानंच कपाटाची किल्ली कुठं आहे ते दाखवलं आणि पुढचा घास घेतला. पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, "अण्णा, पाच मिनिटं थांबला असतात तर?"

"सूर्य थांबला असता व्हय?"

त्यांचा जीव होता डिस्टॉर्शन मीटरवर. टेबलाच्या कोपऱ्यात बसणारी, राखाडी रंगाची, काटा असलेली जुनी पेटी. ॲम्प्लिफायरमध्ये एक शुद्ध सूर सोडायचा. बाहेर येताना त्या सुराबरोबर मूळचं नसलेलं किती काय आलं, ते मीटर टक्क्यांत दाखवायचा. पोरांना अण्णा एका वाक्यात सांगायचे, "आत घातलं त्येवढंच भाईर आलं पायजे. जास्तीचं आलं त्ये खोटं." पेटी चालू करून अर्धा तास तापू दिल्याशिवाय ते रीडिंग घेत नसत आणि घेऊ देत नसत. वहीत नुसता आकडा लिहिलेला दिसला, की ती वही परत यायची.

"ह्यो आकडा कुठला? किती जोरात वाजवल्याला? कुठल्या सुरावर? नुसता आकडा म्हंजे बेवारस पोरगं. त्येचं गाव लिवा, घर लिवा."

मीटरवर एवढा विश्वास असणारा माणूस कानांना मोजत नसेल, असं मला सुरुवातीला वाटलं होतं. तसं नव्हतं. ते दोघांनाही तपासून घ्यायचे.

शाहूपुरीतले एक गुळाचे व्यापारी होते, गाण्याचे दर्दी. मुंबईहून त्यांनी स्पीकरला जोडायच्या जाड तारा आणल्या होत्या आणि त्या तारांनी गाणाऱ्या बाईंचा श्वाससुद्धा ऐकू येतो, असं ते सांगत. मीटरला साध्या तारेत आणि या तारेत काही फरक दिसेना. व्यापारी म्हणाले, "तुमच्या यंत्राला काय कळतंय गाण्यातलं?"

"न्हाय कळत," अण्णा म्हणाले. "तुमास्नी कळतंय न्हवं? मग बसा."

त्यांनी प्रयोगशाळेतला फळा आडवा लावला. दोन्ही तारांवर आवाज अगदी सारखा आहे, हे व्होल्टमीटरनं पाहून घेतलं. "कणभर मोटा वाजला तरी माणसाला त्योच ग्वाड लागतोय," हे मला हळूच सांगितलं. मग फळ्यामागून ते वीस वेळा तारा बदलत राहिले. कधी बदलायच्या आणि कधी बदलल्यासारखं नुसतं करायचं, हे त्यांनी आधीच कागदावर लिहून माझ्याकडे दिलं होतं. व्यापाऱ्यांची निम्मी उत्तरं बरोबर आली, निम्मी चुकली. नुसत्या अंदाजानं कुणीही सांगितली असती तरी एवढी बरोबर आली असती. त्यांचा चेहरा उतरला. अण्णांनी त्यांना स्वतःच्या थर्मासमधलं दूध दिलं आणि म्हणाले, "पावणं, तुमचं कान खोटं न्हाईत. डोळ्यांनी त्येंच्यात आदीच सांगून ठिवलं हुतं."

दुसरा प्रसंग याच्या उलटा. कॉलेजच्या सभागृहात एक जुना काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर होता. तो काढून नवा ट्रान्झिस्टरचा बसवायचा ठरलं. मीटर म्हणत होता, नव्यात सुरातली भेसळ जुन्याच्या दहाव्या हिश्श्याइतकीच आहे. पण स्नेहसंमेलनाची गाणी बसवायला येणारे पेंडसे मास्तर अडून बसले. नव्यावर तंबोरा वाजवला, की सूर विझताना शेवटाला तो कचकचतो, असं त्यांचं म्हणणं. अण्णांनी पुन्हा फळा लावला, पुन्हा आवाज सारखा केला, पुन्हा वीस वेळा अदलाबदल. मास्तर वीसच्या वीस वेळा बरोबर निघाले.

अण्णा त्या दिवशी डबा न खाताच एसटीला गेले. त्यानंतर दोनतीन आठवडे त्यांनी तो नवा ॲम्प्लिफायर उघडून टेबलावर ठेवला होता. एक दिवस मला बोलावलं. मीटर जेवढी भेसळ मोजतो, तेवढीच त्यांनी मूळ सुरातून वेगळी काढून, लहरी दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर लावली होती. जुन्या व्हॉल्व्हची भेसळ गोल, लाटेसारखी होती. नव्याची भेसळ फार थोडी, पण बाभळीच्या काट्यांसारखी टोकदार होती.

"मॅडम, आमच्या वडलांनी जल्मभर डेअरीला दूध घातलं," ते म्हणाले. "तितं लॅक्टोमीटर असतोय. त्यो दूध जड हाय का हलकं, येवढंच सांगतोय. पाणी घालून वर साकर टाकली की त्यो बी फसतोय. ह्यो मीटर तसाच. भेसळ किती, त्ये सांगतोय. कसली, त्ये न्हाय. वाटीभर पाणी आन चिमूटभर मीट, जास्ती काय? पाणी. आन दूध नासतंय कशानं?"

काटे कशामुळे येतात, तेही त्यांनीच मला समजावलं. मी ते पुस्तकातून शिकले होते आणि वर्गात शिकवतही होते, पण त्यांच्यासारखं नाही. या ॲम्प्लिफायरमध्ये दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीनं काम करतात. "दोन गडी लाकूड कापायची मोटी करवत वढत्यात बगा. एकानं सोडली आन दुसऱ्यानं धरली, त्या मदल्या येळंला हिसका बसतोय. लांब वढत असतील तर हिसका कळत न्हाय. पर वीतभरच वढायची म्हटली तर? सगळा हिसकाच की." म्हणजे आवाज मोठा असताना ही खोट झाकली जाते आणि आवाज बारीक झाला की उघडी पडते. मीटरनं मोजताना सगळे जण मोठ्या आवाजावरच मोजतात. नियमच तसा होता.

आता मुख्य गोष्ट. ती सांगताना माझा स्वतःचा भाग लपवणार नाही.

मूकबधिर मुलांच्या एका निवासी शाळेसाठी सरकारी मदतीतून ऐकण्याचे संच यायचे होते. बाईंच्या टेबलावर माइक आणि एक डबा, त्यात ॲम्प्लिफायर, आणि डब्याला जोडलेले मुलांचे हेडफोन. ज्या मुलांना थोडंफार ऐकू येतं, त्यांना बाईंचं बोलणं मोठं करून ऐकवायचं. असे अकरा डबे तपासणीसाठी आमच्याकडे आले. अण्णांनी नियमात लिहिलेल्या आवाजावर एकेक मोजला. सगळे मर्यादेच्या पुष्कळ आत. दाखल्यावर दोन सह्या लागत, मोजणाऱ्याची आणि व्याख्यात्याची. त्यांनी केली, त्याखाली मी केली.

पाचसहा महिन्यांनी त्या शाळेतल्या शोभाताई आल्या. पंचविसेक वर्षं तिथं शिकवणारी, शांत बोलणारी बाई. म्हणाल्या, "मुलं हेडफोन ठेवत नाहीत डोक्यावर. पुरवठादाराला कळवलं तर तो म्हणतो, मुलांना सवय नाही, लाड करू नका. आणि तुमचा दाखला दाखवतो. मी मुलांवर रागावले. एकदोघांना बांधूनसुद्धा ठेवले हेडफोन. मग मलाच कसंतरी झालं."

शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाल्यावर अण्णा शाळेत गेले. मीही गेले. वर्गात आठ मुलं. त्यांत नसीम नावाची नऊदहा वर्षांची मुलगी होती, दोन घट्ट वेण्या, हातावर मेंदीचे विटलेले डाग. तिला बऱ्यापैकी ऐकू येत होतं, म्हणून हेडफोन सगळ्यात आधी काढून फेकायची तीच. शोभाताईंनी खुणांनी विचारलं, का काढतेस? तिनं खांदे उडवले. ज्याला शब्दच थोडे मिळाले आहेत, त्यानं हे सांगायचं कसं?

अण्णा मुलांच्या बुटक्या बाकावर तिच्या शेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसले. स्वतःचा तळहात तिच्यापुढे उघडा धरला आणि दुसऱ्या हातानं खूण केली, इथं दाखव. हेडफोन तिच्या डोक्यावर ठेवला. ओठ दिसू नयेत म्हणून शोभाताई मागं उभ्या राहिल्या आणि माइकमध्ये हळू आवाजात बोलू लागल्या. नसीमनं थोडा विचार केला. मग तिनं नखानं अण्णांच्या तळहातावर ओरखडे काढायला सुरुवात केली, एकामागून एक. शोभाताई मोठ्यानं बोलल्या. ओरखडे थांबले, तिनं आपला पंजा अण्णांच्या हातावर सपाट ठेवला. पुन्हा हळू, पुन्हा नख. दहाबारा वेळा करून पाहिलं. एकदाही चुकली नाही.

मग अण्णांनी हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. बराच वेळ ऐकलं. काढला आणि म्हणाले, "मला ऐकू येत न्हाय. कान म्हातारं झालं. पर मला येत न्हाय म्हंजे न्हायच, असं न्हवं."

सोमवारी एक डबा प्रयोगशाळेत आणून मोजला. नियमातल्या आवाजावर रीडिंग पूर्वीचंच, दोषरहित. मग अण्णा आवाज कमी कमी करत गेले, हळू बोलण्याच्या पातळीपर्यंत. मीटरचा काटा चढत गेला. पडद्यावर तेच काटे, पेंडसे मास्तरांच्या तंबोऱ्याला बोचलेले. कुठल्याही शब्दाचं शेवटचं अक्षर आपण हळूच उच्चारतो. ते अक्षर या मुलांपर्यंत पोचताना नुसता चुरा होऊन पोचत होतं. मीटर खोटं बोलला नव्हता. आम्ही त्याला फक्त मोठ्यानं बोलतानाचं विचारलं होतं.

अण्णा स्टुलावर बसले. "मास्तरांनी मला शिकवल्यालं," ते म्हणाले. "ठावं हुतं मला. तरी नियमाच्या मागं जाऊन हुबा ऱ्हायलो. पोरास्नी बांदलं मॅडम, माज्या सहीवर."

त्यांनी प्राचार्यांना पत्र लिहिलं. चार ओळींचं, आणि त्या दिवशी पेनानं. 'सदर संचांची मोजणी नियमाप्रमाणे बरोबर आहे. परंतु हळू आवाजात त्यातून शब्द ओळखू येत नाहीत, असे विद्यार्थिनीने दाखवून दिले व मी पडताळले. सबब मी दाखल्यावरील माझी सही मागे घेत आहे.'

प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. वाईट माणूस नव्हता तो. "मगदूम, नियम आपण केलेला नाही," ते म्हणाले. "नियमाप्रमाणे तुम्ही मोजलंत, विषय संपला. एका मुक्या मुलीनं हातावर नख ओढलं, हे मी वर कळवू?"

"व्हय, कळवा की."

"हसतील लोक."

"हसू द्यात. आकडा बरोबर हाय साहेब. पर त्या आकड्यानं जे विचारलंच न्हाय, त्याला मी व्हय म्हणून सही केलीया. ती मागं घेतो."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमचं काय?"

पत्रात अण्णांच्या सहीखाली जागा होती. मला तेव्हा नोकरीत कायम केलेलं नव्हतं. कागदपत्रं याच प्राचार्यांच्या टेबलावर होती. मी काही बोलणार, तेवढ्यात अण्णाच म्हणाले, "रीडिंग मी घेतल्यालं. मॅडमनी माज्यावर इस्वास ठिवला, येवढंच."

आणि मी गप्प राहिले.

महिन्याभरात अण्णांची बदली झाली. फार लांब नाही, त्याच इमारतीत, तळमजल्यावरच्या भांडारात. खडूचे खोके, फिनेल, बल्ब. बाहेरच्या यंत्रांची तपासणी आमच्याकडे येणं बंद झालं. त्या पुरवठादाराचे पुढचे डबे दुसरीकडून नियमाप्रमाणे पास होऊन कुठल्या कुठल्या शाळांत गेले. तिथल्या मुलांनी काय केलं असेल, ते मला माहीत नाही.

या शाळेचे अकरा डबे मात्र सुधारले. दर शनिवारी दुपारी अण्णा मीटर सोबत घेऊन तिथं जायचे. डब्याच्या आत एक बारीक स्क्रू असतो. तो किंचित फिरवला, की दोन्ही ट्रान्झिस्टर कधीच पूर्ण झोपत नाहीत. एकानं करवत सोडायच्या आधीच दुसऱ्याचा हात तिच्यावर असतो. डबा थोडा जास्त तापतो, म्हणून त्यांनी पत्र्याला भोकं पाडली. स्क्रू फिरवून झाला, की मोठ्या आवाजावर आणि हळू आवाजावर असं दोनदा मोजायचं, आणि मग नसीमला बोलवायचं. तिनं पंजा सपाट ठेवून दिला तरच झाकण लावायचं. सातव्या डब्याला तिनं तीन शनिवार नख ओढलं. मीटर ठीक म्हणत होता. शेवटी माइकच्या तारेचा एक सांधा कच्चा निघाला.

त्या कामाची त्यांची वही मी पाहिली आहे. उभ्या रेघा पट्टीनं आखलेल्या. तारीख, डबा, मोठा आवाज, हळू आवाज, आणि शेवटी एक जादा रकाना. त्याच्या डोक्यावर लिहिलं होतं 'नसीम'. खाली प्रत्येक ओळीत 'ठीक' किंवा 'नाही', शिसपेन्सिलीत.

शोभाताई नंतर एकदा रस्त्यात भेटल्या, तेव्हा म्हणाल्या, हेडफोन आता काढा म्हणून सांगावं लागतं. नसीम पुढं दहावी झाली आणि एका छापखान्यात संगणकावर मजकूर जुळवण्याच्या कामाला लागली. बोलणं तिचं तुटकच राहिलं. पण शब्दांची शेवटची अक्षरं ती गाळत नाही, असं शोभाताई म्हणाल्या.

अण्णा भांडारातूनच निवृत्त झाले. तोवर मी कायम झाले होते, पुढं विभागप्रमुखही झाले. पोरांच्या प्रात्यक्षिकात मी एक गोष्ट घातली. प्रत्येक ॲम्प्लिफायर मोठ्या आवाजावर मोजायचा तसाच अगदी बारीक आवाजावरही मोजायचा, आणि नंतर फळ्यामागून ऐकायचाही. तेवढं मला करता आलं.

त्यांच्या निवृत्तीनंतर चारपाच वर्षांनी मी त्यांच्या गावी गेले. चौकटीशी त्यांच्या पत्नीनं सांगितलं, "मोट्यानं बोला बाई, आता त्येस्नी कमी ऐकू येतंय." अण्णा सोप्यात बसून भुईमुगाच्या शेंगा निवडत होते. कानात यंत्र होतं. मला पाहून त्यांनी ते काढलं, फुंकर मारली, पुन्हा घातलं. मी प्रात्यक्षिकाचं सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते, ओठांकडे बघत.

"पोरास्नी कळतंय काय, कशापायी करायचं त्ये?"

"काहींना कळतं."

"बास की मग."

थोडा वेळ आम्ही दोघंही शेंगा निवडत राहिलो. मग इतकी वर्षं मनात होतं ते मी बोलले. "अण्णा, त्या दिवशी मी सही करायला पाहिजे होती."

मला वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ द्या मॅडम, तुमचा इलाज नव्हता. दुसऱ्या कुणीही तसंच म्हटलं असतं. अण्णांनी हातातली शेंग फोडली, दाणे बाजूला ठेवले आणि माझ्याकडे सरळ पाहिलं.

"व्हय," ते म्हणाले. "करायला पायजे हुती. मी मदी बोललो खरं, पर वाटल्तं मला, तुमी तरी बी कराल. वाईट वाटलं. थोडं न्हाय, लई वाटलं."

मी मान खाली घातली. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"आता न्हाय वाटत," ते म्हणाले. "तवा वाटल्तं, म्हणून सांगितलं."

मग त्यांनी पत्नीला हाक मारून माझ्यासाठी ताट वाढायला सांगितलं, कारण दिवस कलायला आला होता. आम्ही तिघं सोप्यात जेवलो. अण्णांनी मला दोनदा आग्रहानं भाकरी वाढली. माझा संकोच कुठं गेला ते कळलं नाही. इतकं हलकं मला पुष्कळ दिवसांत वाटलं नव्हतं.

ते मला फाट्यापर्यंत सोडायला आले. कोल्हापूरची एसटी आली, तेव्हा कंडक्टरला त्यांनी इतक्या मोठ्यानं सांगितलं, "आमच्या मॅडम हायत, नीट न्या," की सगळी बस वळून बघायला लागली. मला खिडकीची जागा मिळाली. पिशवीत त्यांनी शेंगा भरून दिल्या होत्या. कारखान्याचा हंगाम होता, बसच्या बाजूनं उसाच्या ट्रॉल्यांची रांग चालली होती, म्हणून बस निघता निघेना. रस्ता ओलांडून अण्णा पलीकडच्या कडेला उभे होते, एक हात वर करून, पांढऱ्या शर्टात. ट्रॉली मध्ये आली की दिसेनासे व्हायचे, गेली की पुन्हा तिथंच. शेवटची ट्रॉली गेली, बस हलली, तेव्हा ते पाठमोरे होऊन गावाकडच्या वाटेला लागले होते.